तीन आणि चार नंबरच्या रिंगा

रिंगचा गॅप किती ठेवायचा असं कुणी विचारलं, की मी आजही लगेच उत्तर देत नाही. गॅरेजातल्या नव्या माणसांना वाटतं, मालक मनात आकडेमोड करायलेत. तसं काही नसतं. आकडा मला पाठ आहे. ओठाशी येतो आणि अडतो.

ज्यांनी कधी उघडलेलं इंजिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. त्याच्या अंगावर खाचा असतात आणि खाचांत बिडाच्या रिंगा. रिंग पूर्ण गोल नसते. एका जागी कापलेली असते आणि कापलेल्या दोन टोकांमध्ये बारीक फट असते, तो गॅप. इंजिन तापलं की रिंग वाढते, फट भरत येते. फट जास्त ठेवली तर गाडी धूर मारते, ओढत नाही. कमी ठेवली तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला वाढायला जागा उरत नाही, ती सिलिंडरला आवळते आणि तुटते. इंजिन जेवढं जोरात पळवायचं तेवढं ते तापणार, तेवढी फट जास्त. एवढंच आहे ते.

परभणीत जिंतूर रस्त्याला माझ्या मामांचं गॅरेज होतं. मी त्यांचा भाचा, म्हणून सगळे मला भाचे म्हणायचे. गिऱ्हाईकंसुद्धा. इंजिनाचं काम एक मिस्त्री बघायचे. ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. मला भाचे म्हणायचे आणि तुमी म्हणायचे. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो आणि तू म्हणायचो. आत्ता लिहिताना 'ते' लिहितोय, तेव्हा तोंडात 'तो' होतं. ते बौद्ध होते. त्यांचा चहाचा कप कान तुटलेला होता आणि तो ते स्वतःच उचलायचे, स्वतःच विसळून खिडकीत पालथा घालायचे. आम्ही त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. नाव लागलं नव्हतं. ठराव झाला त्या साली मिस्त्रींच्या गावात काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पंधरा दिवस ते कामावर नव्हते. आले तेव्हा डाव्या हाताला पट्टी होती. मामा म्हणाले, "आला का? ती जीप उघडून ठेवलीय." झालं.

हात मात्र त्यांचा होता. रिंग सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून तिला वरून हलकेच दाबायचं, म्हणजे ती आत तिरपी न बसता सरळ बसते, आणि मग गेज घालून फट बघायची. गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा. त्यांचं गेज त्यांचं स्वतःचं होतं, सिकंदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं. फट कमी भरली तर रिंगचं एकच टोक कानशीवर घासायचं, बाहेरून आत, दोन ओढी, पुन्हा बघायचं. घासून झालं की ते टोक खालच्या ओठावरून फिरवायचे. मी एकदा हसलो.

"काय रे मिस्त्री, मुका घेतो का रिंगचा?"

"बोटाला घट्टे पडलेत, भाचे. बोट खोटं बोलतंय. घासल्यावर उरलेली कूस ओठाला कळती."

मामांना गेजचं कौतुक नव्हतं. त्यांची रीत ब्लेडची. दाढीचं एक ब्लेड म्हणजे इंचाच्या हजार भागांतले चार भाग. टॅक्सीला, जीपला तीन ब्लेडं एकावर एक धरून फटीत गेली की बस. त्या गाड्या चालायच्याही. मी दोन्ही रीती शिकलो होतो आणि मला वाटायचं, दोन्हीत तसा फरक नाही.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांचा मुलगा आपली फियाट घेऊन आला. दिवाळीनंतर औरंगाबादेत गाड्यांची शर्यत होती आणि त्याला त्यात उतरायचं होतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून खाली घेतलेलं, दोन कार्बोरेटर, पिस्टन मुंबईहून मागवलेले. परभणीत असलं इंजिन कुणी बांधलं नव्हतं. मिस्त्री आठवडाभर त्याच्याशीच होते. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा डबा मांडीवर आणि नजर ब्लॉकवर.

"हे टॅक्सीचं काम न्हाई," ते मला म्हणाले. "हे तापणार लय. सोळा ठिवायचं. सोळाच्या खाली बिलकुल न्हाई."

सोळा म्हणजे ब्लेडच्या भाषेत चार.

अष्टमीच्या दुपारपर्यंत एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरच्या रिंगा बसल्या. तीन आणि चार बाकी होते. आणि मिस्त्रींना संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला निघायचं होतं. दसऱ्याला ते दरवर्षी दीक्षाभूमीवर जायचे, मामांना ते माहीत होतं. पण फियाटवाल्याला गाडी दसऱ्यालाच दारात हवी होती, पूजेला. घरच्या सगळ्या गाड्यांना हार घालायचे, मग हीच का नको?

"मालक, चार दिसांनी येतो. दोनच सिलिंडर ऱ्हायलेत. आल्यावर करतो," मिस्त्री म्हणाले.

"त्यांना दसऱ्याला पायजे. तुझं नागपूर कुठं पळून चाललंय का?" मामा म्हणाले.

मिस्त्रींनी हात धुतले, मग माझ्याकडे आले आणि आपलं गेज माझ्या हातात दिलं. "थांबणं जमलंच न्हाई तर तुमी करा. पन गेज लावून. सोळा. कमी भरलं तर घासा, कंटाळा करू नका." मी म्हणालो, "जा रे तू. मी हाय ना."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, जॅक, कानशी, सगळं धुऊन-पुसून सतरंजीवर मांडायचं. मामी घरून हळद-कुंकू घेऊन यायच्या. पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, ते दसऱ्याला सकाळी उचलायचं. मी मांडत होतो. मिस्त्रींचं गेज माझ्या खिशात होतं. ते मी काढलं, पानं पंख्यासारखी उघडली आणि कानशीशेजारी ठेवलं. का ठेवलं? मामा म्हणाले होते, सगळं मांड. आणि ते चकचकीत होतं, छान दिसत होतं. मामींनी प्रत्येक पानाला बोट लावलं. पत्राकाम करणारे एक चाचा आमच्याकडे होते, नारळ दरवर्षी तेच फोडायचे. त्यांनी फोडला. प्रसाद वाटला.

दुपारी सेलूचा मुलगा येऊन बसला. उद्या गाडी मिळणार ना, मिळणार ना. मामा म्हणाले, "भाचे, रिंगा तर हातानंच बसतात. त्या तेवढ्या चढवून ठेव. सकाळी पूजा हलवली की पिस्टन आत टाकू."

मी ब्लेडचं पाकीट आणलं. तीन नंबरमध्ये रिंग घातली, पिस्टननं दाबली. तीन ब्लेडं गेली. चौथं जात नव्हतं. दुसरी रिंग, तसंच. चार नंबरमध्येही तसंच. घासायला हवं होतं. कानस समोर दहा फुटांवर होती, कुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल. मी उठलो नाही. मामींची भीती होती असं म्हणता येईल. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता, आणि तो मुलगा बघत होता, आणि मला त्याच्यापुढं मिस्त्रीवाचून अडलेला दिसायचं नव्हतं. तीन ब्लेडं जातात की. मामांच्या सगळ्या गाड्या तीनवर चालतात. मी रिंगा पिस्टनवर चढवल्या.

दसऱ्याला सकाळी पूजा हलवली. कानस मोकळी झाली, गेज मोकळं झालं. तेव्हाही करता आलं असतं. रिंगा उतरवायच्या, पुन्हा मोजायच्या, तासाभराचं काम. मी गेज फडक्यात गुंडाळून मिस्त्रींच्या पेटीत टाकलं आणि पिस्टन आत सोडले. बारा वाजता गाडी सुरू झाली. आवाज असा होता की रस्त्यावरची माणसं थांबली. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हार घालून गाडी सेलूला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ट्रॅक्टरच्या मागं दोरीनं बांधून परत आली. चारठाण्याच्या अलीकडं मोकळा रस्ता बघून त्यानं दाबली होती आणि इंजिन जागेवर आवळलं. मी हेड उतरवलं. एक आणि दोन स्वच्छ होते. तीन आणि चारच्या भिंतींवर उभे ओरखडे, रिंगांचे तुकडे, आणि तुकड्यांची टोकं एकमेकांवर घासून आरशासारखी झालेली. टोकं भिडली की ती तशीच होतात. कुणाला विचारायची गरज नव्हती.

मामा माझ्यामागं येऊन उभे राहिले. "कशानं झालं?"

मी उत्तर द्यायच्या आधी सेलूचा मुलगा बोलला. "कशानं काय? तो तुमचा नागपूरवाला! जायच्या घाईत कसंबी कोंबलं आन् गेला. त्यांचं ध्यान कामात असतंय का आता? सारखं आपलं नामांतर, नामांतर."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "तू काय केलं होतं?"

"मी नुसतं बंद केलं," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. ते खोटंही नाही असं मी स्वतःला सांगितलं, कारण बंद मीच केलं होतं. तुकडे मी भंगारात टाकले, डब्याच्या तळाशी, वर जुन्या प्लेटा घालून. ब्लॉक दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टेम्पोनं नांदेडला बोअरिंगला, सिलिंडर आतून पुन्हा कोरायला, पाठवला. त्याची एवढी घाई नव्हती. मी घाई केली.

मिस्त्री त्याच दिवशी दुपारी आले. सरळ स्टेशनवरून. पिशवीत संत्री होती, गॅरेजात सगळ्यांना वाटायला. मामा त्यांना काय म्हणाले ते सगळं इथं लिहीत नाही. मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली आणि मला एकच प्रश्न विचारला.

"कंचे आवळले, भाचे?"

मामा शेजारीच होते. चाचा पत्र्यावर हातोडी मारत होते, ती थांबली.

"एक आणि दोन," मी म्हणालो.

"आन् तीन-चारला गेज लावलं व्हतं?"

"लावलं होतं. सोळा."

त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग मामांना म्हणाले, "माझ्याच हातचे हायेत मालक. कसं झालं कळंना. पन माझे हायेत." भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पेटी उघडली, गेज काढलं, पानांत वाळलेलं कुंकू पाहिलं. रॉकेलनं एकेक पान पुसलं. मग पेटी उचलून गेले. संत्री राहिली. ती आम्ही खाल्ली. मीपण खाल्लं.

गॅरेजं त्या रस्त्याला बरीच होती, पण दोन दिवसांत गोष्ट सगळीकडं झाली. मिस्त्री काम मागायला गेले की 'सेलूचं इंजिन ज्यानं घालवलं तोच का?' असं विचारायचे, आणि मग नको म्हणायचे. महिनाभरात ते परभणीतून गेले. मी इंजिनाचा मिस्त्री झालो. मामा गेल्यावर गॅरेज माझ्याकडं आलं. मी सोळा म्हटलं की सोळाच ठेवतो, दोनदा मोजतो. माझ्या कामाचं नाव आहे.

विद्यापीठाला नाव लागलं त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही घरचे पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना रस्त्याकडेला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं एक पत्र्याचं दुकान दिसलं, आणि समोर उकिडवे बसलेले मिस्त्री. केस पिकले होते. घरच्यांना झाडाखाली थांबवून मी गेलो. का गेलो ते माहीत नाही. त्यांनी ओळखलं. आत हाक मारून चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं.

"इंजिनाचं काम करता का कधी?" मी विचारलं. पहिल्यांदाच तुम्ही म्हणालो होतो.

"सोडलं. इंजिन आलं तर माघारी धाडतो. भीती वाटती." ते हातातली तार गुंडाळत राहिले. "भाचे, एक विचारू का? ते एक-दोनचं मला अजून कळंना. मी सोळाच ठिवलं व्हतं. मंग वाटलं, गेजच खोटं आसंल. शेतकी कॉलेजच्या वर्कशॉपात नेऊन मोजून घेतलं. पान बरोबर निघालं. मंग हातच चुकला म्हनायचा. पन कुठं चुकला? तुमी उघडलं व्हतं, तुमी बघितलं. टोकं भिडली व्हती का?"

दहा वर्षं हा माणूस तेच दोन सिलिंडर डोक्यात उघडत आणि बंद करत होता. मी ते कधी हिशेबात धरलंच नव्हतं. मला वाटायचं, गेली ती नोकरी.

"आता एवढं कुठं आठवतंय, मिस्त्री," मी म्हणालो, आणि चहा संपवून उठलो.

घरी जेवण झालं, झोपही लागली. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी एकटा निघालो. ते दारातच मोटार उघडून बसले होते. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं सुरू झालं असतं.

"एक-दोन नव्हते," मी म्हणालो. "तीन-चार होते. माझे. गेज पूजेत होतं, कानस पूजेत होती. मी तीन ब्लेडांवर रिंगा चढवल्या. तुमचे दोन्ही स्वच्छ होते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो त्यांनी हळूच बाजूला ठेवला.

"तीन ब्लेडं म्हंजी बारा," ते म्हणाले. मला नाही, स्वतःला. "चार कमी. तापल्यावर भिडणारच." मग थोड्या वेळानं, "म्हंजी माझे सोळाच व्हते."

"सोळाच होते."

त्यांनी आत बघून हाक मारली, "अगं, भायेर ये." त्यांची बायको पदराला हात पुसत आली. "हे परभणीचे भाचे. त्या गॅरेजचे. सांगा, भाचे. पुन्ना सांगा."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगताना माझं मलाच ऐकू येत नव्हतं. दुसऱ्यांदा प्रत्येक शब्द ऐकू आला. ती उभी राहून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आन् इतकी वर्सं जेवान जात व्हतं का तुमाला?"

"जात होतं," मी म्हणालो.

"ह्यांला जात न्हवतं." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवशी चहा झाला नाही.

मिस्त्रींनी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला. मी उभाच होतो. बसा म्हणत नव्हते, जा म्हणत नव्हते. मग मान खाली घालूनच म्हणाले, "गॅरेजात सांगितलं का?"

"मामा गेले. चार वर्षं झाली."

"मालक गेले. गॅरेज हाय की. मानसं हायेत. तिथंच म्हनले व्हते ना, माझं चुकलं म्हनून? तिथंच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं काढायच्या आधी मी सगळ्यांना बोलावलं. पाच-सहाजण होते, बहुतेक नवे. मिस्त्री कोण हेही त्यांना ठाऊक नव्हतं, ते आधी सांगावं लागलं. त्या वेळचे एकटे चाचाच उरले होते. दिसायचं कमी झालं होतं, तरी येऊन बसायचे. मी सगळं सांगितलं, ब्लेडाचं, कानशीचं, एक-दोनचं. नवे एकमेकांकडं बघत होते, मालकांना आज काय झालंय म्हणून.

चाचा म्हणाले, "हमकू मालूम था, भाचे."

मला कळेना. "कसं?"

"गेज पूजेत व्हतं की दिवसभर. मीच नारळ फोडला समोर. हळद-कुंकू लावलेलं, पंख्यावानी उघडलेलं. आन् तुमी तिकडं रिंगा बसवायलाव. सगळ्यांनी बघितलं. मालकांनीबी बघितलं. तवा कोन बोलनार व्हतं?"

मग एकानं विचारलं, त्या डिझेल जीपचं हेड आज उतरवायचं का. मी म्हणालो, उतरवा.